व्हॅनच्या डॅशबोर्डवरचे घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची व्हॅन चालवणारे, टूरिस्ट परवान्यावर गाडी फिरवणारे, घरच्या इकोतून गावी जाणारे आणि परदेशात व्हॅन वापरणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल त्यांनी निदान ५, ६ आणि ८ हे प्रश्न वाचावेत. निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ या तिघांतच निघते.

१. घड्याळ लावायचे बटणच सापडत नाही. कुठे असते?

आधी वेळ नेमकी कोण दाखवतो आहे ते ओळखा. घड्याळ मीटरमध्ये, म्हणजे किलोमीटरच्या आकड्यांशेजारी, असू शकते. डॅशबोर्डच्या मधोमध वेगळी लहान खिडकी असू शकते. टेपच्या डिस्प्लेवर असू शकते, किंवा टचस्क्रीनच्या कोपऱ्यात. प्रत्येकाची बटणे वेगळी आणि, जास्त महत्त्वाचे म्हणजे, वीज येण्याची वाटही वेगळी. जुन्या ओम्नीसारख्या साध्या गाड्यांत तर बहुधा टेपवाल्याने बसवलेले घड्याळ हेच एकमेव घड्याळ असते. अशा गाडीत कंपनीचे बटण शोधत बसू नका.

२. मीटरमधले घड्याळ कसे लावायचे?

गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चावी ऑनवर आणा. इंजिन चालू असण्याची गरज नसते. मीटरच्या काचेतून बाहेर आलेला ट्रिपचा दांडा एकेकदा दाबत जा. ओडोमीटर, ट्रिप ए, ट्रिप बी असे फिरत फिरत वेळ समोर येते. ती दिसत असताना दांडा दाबून धरला की तासाचा आकडा लुकलुकू लागतो. हलक्या टिचक्यांनी तास पुढे न्या, पुन्हा दाबून धरा, मग मिनिटे लावा. काही मीटरना दोन दांडे असतात आणि ते एकत्र दाबावे लागतात. तुमच्या मॉडेलचा नेमका क्रम गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो.

एक काळजी घ्या. समोर ट्रिपचे आकडे असताना दांडा दाबून धरलात तर ट्रिप शून्य होते. अ‍ॅव्हरेज काढण्यासाठी टाकी भरल्यापासूनचे किलोमीटर मोजत असाल तर ते आधी कागदावर लिहून घ्या.

३. आमच्या घड्याळाला एच, एम आणि ‘:००’ अशी तीन बटणे आहेत. तिसरे कशासाठी?

एचने तास पुढे जातो, एमने मिनिट. तिसरे बटण सेकंद जुळवण्यासाठी असते आणि तिघांत तेच सर्वात कामाचे. मिनिटे ०० ते २९ च्या दरम्यान असताना ते दाबले तर घड्याळ त्याच तासाच्या ठोक्यावर मागे येते. ३० ते ५९ च्या दरम्यान दाबले तर पुढच्या तासावर जाते. म्हणजे घड्याळ ८:०२ दाखवत असताना मोबाइलवर बरोबर ८:०० झाले, तर एकदाच दाबायचे. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिकटिकीवर जुळवायचे असेल तर साधा रेडिओ लावा. मोबाइल अ‍ॅपवरून येणारे प्रसारण काही सेकंद मागे असते.

बटणे खोलगट असतील तर बॉलपेनचे टोक चालते. टाचणी नको, आतली रबरी गादी फाटते.

४. टेपवर वेळ कशी लावायची? मेनूत ‘क्लॉक’ दिसत नाही.

बहुतेक टेपमध्ये ‘डिस्प’ किंवा ‘क्लॉक’ लिहिलेले बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले की आकडे लुकलुकतात. मग आवाजाचा गोल खटका फिरवून तास, खटका दाबून मिनिटे. काही टेप आधी बंद करावे लागतात, तरच सेटिंग उघडते. टचस्क्रीनवर सेटिंग आणि मग तारीख-वेळ. गाडी चालू असताना हा मेनू राखाडी दिसत असेल तर तो बिघाड नाही. चालत्या गाडीत ड्रायव्हरने हे करू नये म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलेले असते.

मोबाइल जोडल्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेच्या पडद्यावर दिसणारी वेळ मोबाइलची असते. मोबाइल काढला की टेपचे स्वतःचे घड्याळ पुन्हा दिसते. ते चुकीचे असेल तर ते वेगळे लावावे लागते.

५. रोज सकाळी चावी फिरवली की घड्याळ १२:०० किंवा १:०० दाखवते. घड्याळ खराब झाले का?

बहुधा नाही. गाडीच्या घड्याळाला दोन वाटांनी वीज येते. एक कायमची: चावी काढली तरी बॅटरीतून थेट येणारी, जिच्यावर घड्याळ आतल्या आत चालत राहते. दुसरी चावीची: जी आली की आकडे उजळतात. रात्रीत वेळ पुसली जाते आहे, म्हणजे पहिली वाट तुटली आहे. घड्याळ फक्त तुटल्याची बातमी देते आहे. त्याच्यावर खर्च करू नका, वायरच्या मागे लागा.

आता एक युक्ती. वीज गेल्यावर तुमचे घड्याळ कोणत्या आकड्यावरून सुरू होते ते पाहून ठेवा. समजा १:०० वरून. सकाळी चावी फिरवताक्षणी बरोबर १:०० दिसले, तर रात्रभर वीजच नव्हती: फ्यूज गेलेला (प्रश्न ७), वायर चुकीची (प्रश्न ८) किंवा रात्री कट-ऑफ, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा, स्विच बंद केलेला (प्रश्न १६). पण सकाळी ७ वाजता ४:२० दिसले, तर वीज ३ तास २० मिनिटांपूर्वी जाऊन परत आली. म्हणजे पहाटे ३:४० च्या सुमारास कुठेतरी जोड सैल झाला आणि पुन्हा लागला. थंडीने आकसलेले सैल टर्मिनल किंवा वायरिंगमध्ये शिरलेला उंदीर, दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. ही वजाबाकी गॅरेजमध्ये गाडी सोडण्यापूर्वी तीन-चार दिवस लिहून ठेवलीत तर वायरमनचे अर्धे काम तुम्हीच केलेले असेल.

६. रात्रभर वेळ बरोबर राहते, पण स्टार्टर मारला की पुसली जाते. असे का?

स्टार्टर मारताना आकडे क्षणभर विझणे हे साधे आहे. तेवढ्यापुरती वीज सगळीकडून काढून स्टार्टरला दिली जाते. आकडे परत आल्यावर वेळ बरोबर असेल तर काही बिघडलेले नाही.

वेळ मात्र पुसली जात असेल तर ती धोक्याची सूचना समजा. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि तेवढ्यात बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळायला हवेत, आणि स्टार्टर फिरत असताना ते ९.६ च्या खाली जाऊ नयेत. त्याहून बरेच खाली गेले की घड्याळातली चिप तग धरत नाही. गाडी अजून चालू होते आहे म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात आणि एखाद्या सकाळी मुले गेटवर उभी असताना व्हॅन नुसती ‘टक्’ करून गप्प बसते.

बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल पाहा. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. ऋण टर्मिनलची जाड वायर बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते ती जागाही घासून घ्या. कोकणातल्या गाड्यांत ती आधी गंजते. एवढे करूनही व्होल्टेज बसत असेल तर बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरीही तशीच मरेल.

७. कोणता फ्यूज पाहायचा? घड्याळ असा शब्द झाकणावर कुठेच नाही.

नसतोच. कायमच्या विजेचा फ्यूज बहुतेक गाड्यांत ‘रूम’, ‘डोम’, ‘रेडिओ’ किंवा ‘बॅकअप’ या नावाने असतो, आणि पुष्कळदा त्यावरच केबिनमधला दिवा चालतो. म्हणून दार उघडून दिवा लागतो का ते पाहा. दिवाही लागत नसेल तर बहुतेक तोच फ्यूज गेला आहे. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ७.५ अँपिअर तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. लाल जळाला तर लालच घाला. पुन्हा जळाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे पिवळा घालून किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणे म्हणजे डॅशबोर्डच्या मागे आग लावण्याची तयारी.

नवी कोरी गाडी आणि पहिल्या दिवसापासून वेळ टिकत नाही? कारखान्यातून निघालेली गाडी आवारात उभी असताना बॅटरी उतरू नये म्हणून काही कंपन्या हाच फ्यूज काढून ठेवतात. ताबा देताना तो बसवायचा राहतो. शोरूमला फोन करा, पाच मिनिटांचे काम आहे.

८. नवा टेप बसवल्यापासून वेळ आणि रेडिओची स्टेशने रोज पुसली जातात.

टेपच्या मागच्या वायरींत पिवळी कायमच्या विजेची असते, लाल चावीच्या विजेची, काळी अर्थची. घाईत बसवताना पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही चावीच्या वायरला जोडली की गाणी वाजतात, सगळे ठीक दिसते आणि रात्री स्मरणशक्ती जाते. उलट दोन्ही कायमच्या विजेला जोडली की वेळ टिकते, पण टेप कधीच पूर्ण झोपत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरते. चावी काढून गाणी ऐकायला मिळावीत म्हणून ड्रायव्हर मंडळी मुद्दाम ही दुसरी जोडणी मागून घेतात. मला ती पसंत नाही.

युरोपातल्या काही गाड्यांच्या कनेक्टरमध्ये या दोन वायरींच्या जागा नव्या टेपच्या कनेक्टरच्या उलट असतात. म्हणून बऱ्याच टेपच्या हार्नेसवर लाल-पिवळ्या वायरींना मध्येच गोळीसारखे जोड दिलेले असतात. ते सुटे करून अदलाबदल केली की झाले. कापाकापीची गरज नाही.

९. बॅटरी बदलताना वेळ पुसली जाऊ नये म्हणून काय करावे?

खरे सांगायचे तर काही नको. वेळ पुन्हा लावायला एक मिनिट पुरते. बॅटरीवाल्यांकडे मेमरी टिकवणारे छोटे यंत्र असते, ते वापरले तर उत्तम. पण घरी लायटरच्या सॉकेटमध्ये ९ व्होल्टचा सेल खुपसण्याचे प्रयोग करू नका. बहुतेक गाड्यांत चावी बंद असताना ते सॉकेट मृत असते आणि उपयोग शून्य.

वेळेपेक्षा दुसरी गोष्ट तपासा: कंपनीचा टेप असेल तर त्याला चोरीविरोधी कोड आहे का. वीज तुटल्यावर काही टेप कोड मागतात, आणि कोडचे कार्ड हरवले असेल तर गाणीही जातात आणि घड्याळही. बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल आधी काढा, बसवताना शेवटी लावा.

१०. घड्याळ महिन्याला एखादे मिनिट मागे पडते. उन्हाळ्यात जास्तच. दुरुस्त होईल का?

ते दुरुस्त करण्यासारखे नाही, कारण ते बिघडलेलेच नाही. घड्याळाच्या आत क्वार्ट्झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि चिप ते कंप मोजून सेकंद बनवते. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस कंपांची चूक धरलेलीच असते. म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला सुमारे ५० सेकंद.

उन्हाची गंमत वेगळी आहे. हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वात नेमका चालतो. तापमान त्याहून वर गेले तरी तो मंदावतो आणि खाली गेले तरी मंदावतो, पुढे कधी पळत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या व्हॅनचा डॅशबोर्ड सहज ६५ अंशांवर जातो. त्या तापमानाला घड्याळ दिवसाला साडेचार-पाच सेकंदांच्या वेगाने मागे पडू लागते. गाडी रोज सहा तास अशी तापली तर दिवसाला एखादा सेकंद जास्त हरवतो. सावलीत लावा किंवा काचेला आतून पडदा लावा. घड्याळासाठी नाही तरी सीटसाठी.

दिवसाला एक-दोन मिनिटे चुकत असतील तर मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे विजेचा जोड मध्येच तुटतो आहे. प्रश्न ५ मधली वजाबाकी करा.

११. टचस्क्रीन बरोबर अडीच तास पुढे दाखवतो. लावले तरी परत तेच.

चूक नेमकी किती तासांची आहे हेच तिचे कारण सांगते. अडीच तास पुढे म्हणजे पडद्यावर चीनची वेळ निवडलेली आहे. बाजारातले बरेच अँड्रॉइड टेप तिथून येतात आणि तशाच सेटिंगवर विकले जातात. साडेपाच तास मागे म्हणजे ग्रीनिचची वेळ. दीड तास मागे म्हणजे दुबईची. हाताने आकडे बदलून उपयोग नाही, कारण उपग्रहाकडून वेळ आली की टेप पुन्हा स्वतःचा हिशेब करतो. टाइम झोन कोलकाता किंवा जीएमटी+५:३० करा, मग स्वयंचलित वेळ चालू ठेवा.

डॅशकॅमला हेच लागू. अपघाताच्या चित्रणावर साडेपाच तास चुकीची वेळ उमटलेली असेल तर विमा कंपनीला समजावताना घाम फुटतो.

१२. तारीख दुपारी बाराला बदलते!

घड्याळ बारा तासांनी चुकले आहे. सकाळ-संध्याकाळचा फरक आकड्यांवरून कळत नाही. २४ तासांच्या पद्धतीवर टाका, वेळ नीट लावा, हवे तर परत १२ वर आणा.

१३. हेडलाइट लावला की घड्याळ दिसेनासे होते.

रात्री डोळ्यांवर प्रकाश येऊ नये म्हणून घड्याळ मुद्दाम मंद होते. दिवसा, पावसात किंवा घाटात दिवे लावले की ते मंद आकडे दिसत नाहीत. मीटरच्या उजेडाचे चाक किंवा बटण शोधून उजेड वाढवा. रात्रीही काळेच राहत असेल तर टेपची नारिंगी वायर, म्हणजे दिव्यांची खबर देणारी, चुकीच्या जागी जोडलेली असू शकते.

१४. आठाचा आकडा तीनसारखा दिसतो. डॅशबोर्डवर थाप मारली की ठीक होते.

थापेने सुधारणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे सुटलेला जोड. हिरवट-निळ्या चमकत्या आकड्यांच्या जुन्या घड्याळांत सर्किटवरचे झाळ खडखडाटाने तडकते. जाणकार माणूस पुन्हा झाळून देतो. राखाडी एलसीडीमध्ये काच आणि सर्किट यांच्यामधली वाहक रबरी पट्टी सरकलेली किंवा मळलेली असते. उघडून, स्पिरिटने पुसून, दाबून बसवली की पुष्कळदा आकडे परत येतात. पूर्ण पडदा उन्हात काळा पडून थंड झाल्यावर ठीक होत असेल तर तो एलसीडीचा स्वभाव आहे. शाईसारखा डाग कायमचा पसरला असेल तर काच गेली.

१५. घड्याळामुळे बॅटरी उतरते का? शाळेची व्हॅन मे महिनाभर उभी असते.

घड्याळाला बदनाम करू नका. ते एकटे ५ मिलिअँपिअर खाते असे धरले तरी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी व्हायला नऊ महिने लागतील. पण त्याच कायमच्या विजेवर सेंट्रल लॉक, रिमोटचा अलार्म, झोप न लागणारा टेप आणि प्रवासी गाड्यांतले लोकेशन ट्रॅकिंगचे यंत्र असते. सगळे मिळून ५० मिलिअँपिअर झाले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. दोन आठवड्यांत बॅटरी अर्ध्यावर, आणि जुनी असेल तर तेवढ्यातच स्टार्टर नाही म्हणतो. दीड महिन्याची सुट्टी तर लांबच.

सुट्टी लागली की ऋण टर्मिनल काढून ठेवा. जूनमध्ये वेळ लावावी लागेल, धक्का मारावा लागणार नाही. ट्रॅकिंगचे यंत्र बंद पडल्याची नोंद होते, म्हणून ते बसवणाऱ्याला आधी कळवा.

किती वीज जाते हे मोजायचे असेल तर मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून ऋण टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये जोडा, दारे बंद करा, अर्धा तास थांबा, मग आकडा वाचा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारलात तर मीटर गेला म्हणून समजा.

१६. ट्रॅव्हलरला कट-ऑफ स्विच आहे. रोज रात्री बंद करतो, रोज सकाळी वेळ लावतो. काही उपाय?

आहे. बॅटरीपासून फक्त घड्याळाच्या किंवा टेपच्या पिवळ्या वायरपर्यंत वेगळी बारीक वायर ओढायची आणि बॅटरीच्या अगदी जवळ २-३ अँपिअरचा फ्यूज घालायचा. टेपला गाणी वाजवायला याहून जास्त अँपिअर लागतात. त्याची पिवळी वायर तेवढे ओढत असेल तर हा उपाय त्याच्यासाठी नाही, फक्त स्वतंत्र घड्याळासाठी. कट-ऑफ आगीपासून संरक्षणासाठी असतो. त्याला वळसा घालून आणखी काही जोडू नका.

१७. मीटर उघडून घड्याळ दुरुस्त केले तर किलोमीटर पुसले जातील का?

नाही. आजच्या मीटरमध्ये किलोमीटर अशा चिपमध्ये असतात जिला वीज गेली तरी विसर पडत नाही. ट्रिप शून्य होऊ शकते. अख्खा मीटर बदलला तर मात्र आकडा बदलेल. जुन्या मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख बिलावर लिहून घ्या आणि फोटो काढा. गाडी विकताना हाच कागद तुमची बाजू मांडतो. एका घड्याळासाठी मीटर बदलायला कुणी सांगितले तर दुसऱ्याचे मत घ्या.

१८. इंग्लंडमध्ये व्हॅन चालवतो. वर्षातून दोनदा वेळ बदलते, घड्याळ कधी आपोआप बदलते, कधी नाही.

तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी तास पुढे जातो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो. अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. टेपमध्ये ‘सीटी’ सेटिंग चालू असेल तर एफएम केंद्राच्या संकेतातून वेळ घेतली जाते. रेडिओ लावलेलाच नसेल किंवा केंद्राचा संकेत क्षीण असेल तर बदल होत नाही. एखाद्या केंद्राची वेळच चुकीची असली तर तुमचे घड्याळही रोज तितकेच चुकते. तेव्हा सीटी बंद करून हाताने लावा. भारतात तर मी ते बंदच ठेवायला सांगतो.

टॅकोग्राफ, म्हणजे गाडी किती वेळ आणि कोणत्या वेगाने चालवली हे नोंदवणारे यंत्र, असलेल्या काही मोठ्या व्हॅनमध्ये डॅशबोर्डची वेळ टॅकोग्राफकडून येते. तिथे मीटरचे बटण कितीही दाबा, टॅकोग्राफच्या मेनूतच स्थानिक वेळ बदलावी लागते. नोंदी जागतिक वेळेनुसारच राहतात, त्यांना याने धक्का लागत नाही.

१९. वेळ बरोबर, पण तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे!

जुना नॅव्हिगेशनचा संच आहे ना? जीपीएसचे मूळ संकेत आठवड्यांचा क्रमांक १० बिटांत पाठवतात. १,०२४ आठवडे झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. ज्या संचाला हे उमगत नाही तो १९ वर्षे आणि साडेसात महिने मागची तारीख दाखवतो. कंपनीचे अपडेट मिळाले तर उत्तम. नाहीतर उपग्रहाकडून वेळ घेणे बंद करा.

२०. हे सगळे नको. चिकटवायचे घड्याळ लावले तर?

लावा की. सीआर२०३२ किंवा एलआर४४ सेलवर चालते, गाडीच्या वायरिंगशी संबंध नाही. फक्त एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका, तो फुगताना ते तोंडावर येईल. काचेलाही नको, उन्हात गोंद सुटतो. स्टीअरिंगच्या मागे, मीटरच्या कडेच्या सावलीतली जागा चांगली. सेल फुगलेला दिसला की लगेच काढा, आणि बदलताना जुना सेल मुलांच्या हाती लागेल असा सीटवर टाकू नका. गोळीएवढा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. तसे झाल्याची शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.